मुलींची मॅच मागच्या मैदानावर

“आल्झो, तर फ्राऊ बापट, एक छोटासा बदल आहे,” असं हेर लिंडनर म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ते जर्मनीतल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स ऑफिसचे प्रमुख, म्हणजे माझे बॉस. त्यांचा बदल कधीच छोटा नसतो. “शनिवारी दुपारी मेन ग्राउंडवर मुलांची टीम खेळेल. मुलींची फुटबॉल मॅच सकाळी दहाला, मागच्या मैदानावर.”

“पण लोक मुलींची मॅच बघायला येणार आहेत.”

“गेनाऊ! अगदी बरोबर! एवढे लोक येणार, तर त्यांना चांगलं फुटबॉल नको का दाखवायला?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी तेव्हा रेगेन्सबर्गला इव्हेंट्स बघायची. म्हणजे मॅचेस ठरवायच्या, मैदान बुक करायचं आणि बघायला माणसं आणायची. पहिली दोन कामं कुणालाही जमतात. तिसऱ्यासाठी मला ठेवलं होतं. सेमिस्टरच्या सुरुवातीला हेर लिंडनरनी जाहीर केलं, की मुलींच्या शेवटच्या घरच्या मॅचला स्टँड रिकामा राहिला, तर पुढच्या सीझनला त्यांना कॅम्पसचं मैदान मिळणार नाही. त्यांनी गावाबाहेरच्या मैदानावर सराव करावा.

टीमची कॅप्टन काथी, मेकॅनिकलची विद्यार्थिनी आणि गोलकीपर, तडक माझ्या टेबलापाशी आली. स्पोर्ट्स ऑफिसात विद्यार्थी आम्हाला नावानंच हाक मारतात.

“शर्वरी, संध्याकाळी तिथून परतायला बस नसते. निम्म्या मुली सोडतील. मग टीम कसली राहते?”

मुलांच्या मॅचलाही चारच टाळकी असायची. त्यांना अशी अट का नाही, हे मी विचारलं. “ती आपली मुख्य टीम आहे,” असं उत्तर मिळालं. मुख्य कुणी ठरवली, ते विचारायची सोय नव्हती.

मी कामाला लागले आणि पहिली चूक अगदी पुणेरी केली. आमच्या कॉलेजात आंतरकॉलेज स्पर्धा असली, की खेळणाऱ्याचं नावही माहीत नसताना आम्ही घसा बसेपर्यंत ‘आवाज कुणाचा’ ओरडायचो. आपलं कॉलेज, एवढं कारण पुरायचं. म्हणून मी पोस्टर केलं, ‘आपली युनिव्हर्सिटी, आपली टीम’. मेन्सामध्ये, म्हणजे कॅम्पसच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या रांगेत हातात पत्रकं दिली. एका मुलानं पत्रक वाचून, नीट घडी करून परत दिलं. “मी इथे फक्त शिकतो,” तो म्हणाला. “माझी टीम माझ्या गावात आहे. शनिवार-रविवार मी तिकडेच असतो.”

पुढच्या मॅचला प्रेक्षक म्हणून काथीची आई होती, मैदानाचा माळी होता आणि माळ्याचा कुत्रा होता. ऑनलाइन पेजवर मात्र लाइक्सचा पाऊस. हेर लिंडनर त्यावर खूश झाले. मी म्हटलं, लाइक्स बाकावर बसत नाहीत.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. मी पोळ्या लाटताना चिडचिड करत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “अगं, नुसतं आमंत्रण काय देतेस? काम दे की.”

“म्हणजे काय आई?”

“तुझ्या सासऱ्यांचे एक चुलतभाऊ होते. कुठल्या कार्याला यायचे नाहीत, सदा रुसलेले. आमच्या वन्संच्या लग्नात त्यांच्या हातात कोठीघराची किल्ली दिली. आदल्या दिवशी पहाटे हजर! वर सगळ्यांवर हुकूम सोडायला मोकळे.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जर्मन माणूसही तसाच की! माझ्या मुलाच्या किंडरगार्टनमध्ये केक आणायची पाळी लावतात. ताप असला तरी ती पाळी कुणी चुकवत नाही. इथे बघायला चला म्हटलं, तर माणूस कॅलेंडर बघतो. तुझी ड्यूटी आहे म्हटलं, की बूट घालतो.

मग त्या शेवटच्या मॅचसाठी मी एकेका फाखशाफ्टकडे, म्हणजे प्रत्येक विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे गेले. सोबत त्या विभागात शिकणारी टीममधली मुलगी न्यायची. मेकॅनिकलला बाकं आणि टेबलं लावायचं काम दिलं. केमिस्ट्रीला सॉसेज भाजायची शेगडी. गणितवाल्यांकडे केक. राहिला आवाज. शेजारी वस्ती असल्यामुळे मैदानावर ढोल, भोंगे, लाउडस्पीकर सगळ्याला बंदी. हे काम मी मुद्दाम कायद्याच्या विद्यार्थ्यांना दिलं. त्यांनी नियम वाचले आणि सांगितलं, की वाद्यांना बंदी आहे, बोटांना नाही. जर्मनीत लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, मूठ करून टेबलावर टकटक करतात. म्हणून प्रत्येक बाकापुढे एक लाकडी टेबल हवंच, असा त्यांनी आग्रह धरला. मेकॅनिकलवाल्यांनी तो कुरकुरत मान्य केला.

बघता बघता कॅम्पसभर तोच विषय झाला. केक कुठला, शेगडी किती मोठी, यावर मेन्सामध्ये वाद रंगले. ती बातमी हेर लिंडनरपर्यंत पोचली. त्यांनी युनिव्हर्सिटीच्या उपाध्यक्षबाईंना बोलावलं, एका स्पॉन्सरला बोलावलं आणि मग तो छोटासा बदल केला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

“ही माणसं मुलांच्या टीमनं जमवलीत का?” मी विचारलं.

“भावनिक होऊ नका, फ्राऊ बापट.”

“मी भावनिक नाही. मी रागावलेय.”

त्यांनी ते ऐकलंच नाही. “नव्या वेळा सगळ्यांना कळवा. दहाला मुली मागे, दोनला मुलं मेन ग्राउंडवर. बाकी काही लिहू नका.”

मी तेवढंच लिहून पाठवलं. काही डावपेच वगैरे नव्हता. शनिवारी सकाळी दहाला कुठला विद्यार्थी उठतो? संपलं सगळं, असंच मला वाटलं. काथीला फोन करून नव्या वेळा सांगितल्या. मला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी मी पोचले, तर मेकॅनिकलची मुलं दोघं दोघं मिळून बाकं उचलून मागच्या मैदानाकडे निघालेली. मी म्हटलं, “अरे, दुपारी स्टँडपाशी लागतील ना?”

“आमची ड्यूटी मुलींच्या मॅचची आहे,” एक जण म्हणाला. विषय संपला.

त्यांच्या मागून शेगडी आली, केक आले, कायदेवाले टेबलं ठोकून बघत आले. ज्यांचं काम होतं ते आले, सोबत त्यांचे मित्र, मैत्रिणी, कुणाचे आईवडील. उभं राहायलाही जागा उरली नाही. काथीनं पेनल्टी अडवली, तेव्हा अशी टकटक झाली की टेबलांवरच्या प्लेटी नाचल्या. सासूबाई पदर खोचून दोन्ही मुठींनी टेबल बडवत होत्या. मॅच आम्ही हरलो, खोटं कशाला सांगू? पण हरल्यावर टकटक आणखी वाढली, आणि काथी ग्लोव्ह्जमध्ये तोंड लपवून रडली.

मग सगळ्यांनी शिस्तीत आवरलं. कचरा उचलला, शेगडी विझवली, बाकं परत जागेवर ठेवली आणि माणसं घरी गेली. आवरणं हाही ड्यूटीचाच भाग.

दोन वाजता मेन ग्राउंडच्या स्टँडमध्ये सूट घातलेले हेर लिंडनर, उपाध्यक्षबाई आणि स्पॉन्सर बसले होते. माळ्याचा कुत्राही होता.

“लोक कुठे आहेत?” हेर लिंडनरनी मला दबक्या आवाजात विचारलं.

“घरी. ज्या मॅचला आले होते, ती संपली.”

उपाध्यक्षबाईंनी ऐकलं. “कुठली मॅच?” काथी तिथेच होती, अजून किटमध्येच. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, बससकट. बाईंनी पुढच्या आठवड्यात कॅम्पसचं मैदान मुलींच्या नावावर कायम केलं.

हेर लिंडनरनी वार्षिक अहवालात लिहिलं, की दोन मैदानांचा प्रयोग यशस्वी झाला. ते वाचून माझं डोकं अजून सणकतं.

या धंद्यात मी एवढंच शिकले. माणसं जमवायची असतील तर कामं वाटा. आणि जमलेली माणसं बॉस पळवायला निघाला, तर त्यानं सांगितलेला ई-मेल त्यानं सांगितला तस्साच पाठवा.