दहापैकी मॅडम

दहापैकी मॅडम कुठल्याच गोष्टीला नुसतं बरं किंवा वाईट म्हणू देत नसत. मी आत जाऊन बसलो की पहिला प्रश्न, "काका, आजची रिक्षा दहापैकी किती?" मी म्हणायचो, "रिक्षा शून्य, खड्डे दहा." त्या तेही लिहून घेत.

पनवेलमध्ये त्यांची दोन खुर्च्यांची खोली होती आणि औषध एकच, बोलणं. मला पार्किन्सन्स होऊन दोन वर्षं झाली होती. गोळ्यांनी हाताची थरथर बरीच आवरली, पण मन बसलं ते उठेना. माझा जुना मित्र वसंता आणि मी रोज संध्याकाळी वडाळे तलावाकाठी चहा प्यायचो. चार लोकांत कप हिंदकळेल म्हणून मी ते बंद केलं, मग घराबाहेर पडणंच बंद केलं. शेवटी बायकोने मला जवळजवळ ढकलतच मॅडमकडे नेलं. "उदासी या आजारातच येते, काका. तो तुमचा आळस नाही," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत मला निर्दोष सोडणाऱ्या त्या पहिल्याच.

त्यांनी एक वही दिली. रोज एक छोटं काम करायचं, काय वाटलं ते चार ओळींत लिहायचं आणि गुण द्यायचे. पहिलं काम, वसंताबरोबर चहा. मी गेलो नाही. भेटीच्या दिवशी सकाळी मात्र सोमवार ते रविवार असे सातही चहा एका बैठकीत प्यालो, कागदावर. गुणसुद्धा चढत्या भाजणीने दिले. तीस वर्षं कॉप्या पकडलेला मास्तर मी, मला कोण पकडणार?

मॅडमनी वही जरा लांब धरून पाहिली. "काका, सोमवारचं अक्षर टपोरं आणि रविवारी मुंग्या कशा?"

या आजारात लिहीत गेलं की अक्षर बारीक होत जातं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की पुन्हा मोठं सुरू होतं. हे माझ्या हाताला माहीत होतं, मला नव्हतं. मॅडम उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. एरवी पुस्तकासारखं बोलत, पण चिडल्या की गाव वर येई. "ही सात दिवसांची वही नाय. एका बैठकीची हाय." मग हसून म्हणाल्या, "खोटं लिहा हवं तर. पण रोजचं रोज."

रोज नवा चहा रचणं हे फार कष्टाचं काम आहे. दोन दिवसांत माझी कल्पनाशक्ती आटली. तिसऱ्या दिवशी सरळ तलावावर गेलो आणि अर्धा कप वसंताच्या पांढऱ्या पँटवर ओतला.

"आठ महिने तोंड दाखवलं नाहीस," तो पँट झटकत म्हणाला, "आणि आलास तो थेट मांडीवर?"

घरी येऊन लिहिलं : चहा दोन, वसंता नऊ.

गेल्या वर्षी मॅडम मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी माझ्या सगळ्या वह्या परत दिल्या. पहिल्या वहीत, त्या सात चहांखाली, पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गोष्ट म्हणून सात.'

वसंता अजून तलावावर येतो. हल्ली काळी पँट घालतो.

मॅडम, हे लिहायला मला सहा दिवस लागले. मूळ कागद तुम्हाला पाठवतोय. अक्षर सहा वेळा मोठं झालेलं दिसेल.