चंदाबाईचं मुंडकं

दोन हजार चारच्या दिवाळीआधी वडशाच्या चौकात नव्या नाटकाचं पोस्टर लागलं, आणि ते पाहून चंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टरवरचं मस्तक मात्र तिचं नव्हतंच. हिरवं लुगडं तिचं, कमरेला खोचलेला विळा तिचा, आईनं लहानपणी गोंदवून आणलेला उजवा हात तिचा. आणि मानेवर? मुंबईच्या कुठल्याशा सिनेमातल्या पोरीचं गोरंपान, हसरं तोंड!

चंदाबाई तरणीताठी असताना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात उभी राहिली, ती आता चाळिशीला टेकली होती. धान कापणीला आलं की गावोगावची मंडळं वडशाला येतात, कंपन्यांच्या दुकानांत पोस्टरं न्याहाळतात आणि नाटक ठरवून जातात. पोस्टरवर तोंड नसलेल्या नटीला पुढच्या हंगामात कुत्रंही विचारत नाही. घरी पोर तापानं फणफणत असताना चंदाबाईनं रडण्याचे प्रवेश रंगवले, तेव्हा कंपनीचा मालक हरिदास पडद्यामागे पान चघळत होता. त्याचं हे बक्षीस! लाज कशी वाटली नाही मेल्याला?

ती तशीच वहाबच्या फोटो स्टुडिओत शिरली. हा वहाब पूर्वी कात्री आणि डिंकानं पोस्टर जुळवायचा. आता त्याच्याकडे कॉम्प्युटर आला होता.

“वहाबभाऊ, माहं मुंडकं कुठी हाय?”

वहाब ओशाळला. “मालकानं सांगतलं, बाई. ते पोरगी येणार बी नाई, पण गर्दी पायजे म्हणे. तुमचं खालीच हाय ना. झाकून ठेवलं फक्त.”

त्यानं माऊस दाबला. गोरं तोंड नाहीसं झालं आणि खालची चंदाबाई डोळे वटारून तिच्याकडेच बघू लागली.

तिला वाटलं, आता रडू येणार. पण आला तो संताप. जित्याजागत्या बाईला असं झाकून ठेवतात? भाजीच्या गंजावर ताटली ठेवावी तसं?

“तिचं तोंड राहू दे,” ती म्हणाली. “माहं अंग काढ. लुगडं, हात, इळा, सारं. आन् छापून दे मले.”

छापलेला कागद घेऊन ती तडक हरिदासच्या दुकानात गेली. तिथं धानोऱ्याकडच्या एका गावाचं मंडळ नाटक ठरवायला बसलं होतं. तिनं कागद टेबलावर आपटला. चित्रातल्या झोपडीसमोर एक हसरं डोकं अधांतरी लटकत होतं.

“हे का हाय?” मंडळाचे वामनराव दचकले.

“तुमची हिरोईन. हरिदासभाऊ एवढीच देऊन राह्यले. बाकी सारं माहं होतं, ते मी काढून घेतलं. आन् हे एवढी बी येणार नाई. इचारा भाऊले!”

वामनरावांनी हरिदासकडे पाहिलं. त्याला तोंडातलं पान गिळता येईना की थुंकता येईना.

“आमच्या गावच्या बाया चंदाबाईले पाह्यले येतेत,” वामनराव म्हणाले. “पोस्टरवर बाई हाय तं नाटक हाय. नाई तं आमी दुसरी कंपनी पाह्यतो.”

हरिदासनं पान कसंबसं गिळून फोन लावला. “वहाब, ते जुनं मुंडकं बसव रे परत.”

चंदाबाईनं त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

“जुनं नाई, वहाबभाऊ,” ती म्हणाली. “माहं.”