मागच्या दारचं ऑफिस

घरात बसलेल्या बाईबद्दल ‘ती कामावर गेलीय’ असं तुमच्या गल्लीत कुणी म्हणेल का हो?

आमच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीनं बीडचं ऑफिस बंद केलं आणि आम्हा फोनवाल्या बायकांना घरूनच काम करायला सांगितलं. शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, तक्रार नोंदवायची, एवढंच काम. वयानं मी मोठी, म्हणून सगळ्यांची घडी बसवून द्यायचं माझ्याकडं आलं. तेव्हापासून किस्से असे साठलेत की एकीनं सांगितला की दुसरी म्हणते, “ताई, हे तर काहीच न्हाई!”

* * *

पहिली व्हिडिओ मीटिंग. पुण्याचे साहेब स्क्रीनवर आले. बघते तर तेलगावच्या मीनाशेजारी तिचे सासरे फेटा बांधून बसलेले! मी हळूच मेसेज केला, “मामांना उठव.” तिचं उत्तर आलं, “साहेब येणार म्हणून सकाळपासून तयार हायत. कसं उठवू?”

साहेबांनी सुरुवात केली, तर मामांनी हात वर केला. “रामराम साहेब. आधी च्या घ्या. च्या झाल्याबिगर कामाचं बोलणं बरं दिसत न्हाई.”

“झाला माझा.”

“कवा? आमी तर बघितला न्हाई!”

शेवटी साहेब उठले, चहा घेऊन आले, सगळ्यांदेखत प्यायले. मग मीटिंग सुरू झाली.

* * *

मीनाच्याच घरामागं शेळ्या आहेत. एकदा शेतकऱ्याचा फोन चालू असताना एक शेळी ओरडायला लागली. मीना घाबरून म्हणाली, “सॉरी सर, ऑफिसमध्ये जरा आवाज आहे.”

“ताई, तुमच्या ऑफिसातली शेळी तहानलीय. आधी तिला पाणी दाखवा. माझं ठिबक चार दिस बंदच हाय, आणखी घडीभर राहील!”

* * *

हे फोन साहेबांच्याही कानावर गेले. ते म्हणाले, “महिनाअखेरीला मी प्रत्येकीचे फोन ऐकणार. जिच्या फोनवर घरचा आवाज, तिला घरून काम जमत नाही असं धरणार.”

मला काळजी लागली ती नांदूरघाटच्या शोभाची. तिची ही पहिलीच नोकरी, आणि ही गेली तर घरचे दुसरी करू देणार नव्हते. सासूबाई मनानं चांगल्या, पण घरात दिसणारी सून म्हणजे रिकामी, असं त्यांचं ठरलेलं. दर फोनला मागून हाक यायचीच. मी म्हटलं, “खोलीचं दार लावून बस.”

भर दिवसा सुनेनं दार लावलेलं! शेजारणी गोळा झाल्या. कुणीतरी शेतात जाऊन नवऱ्याला सांगितलं, “तुझी बायको दार लावून बसलीय!” तो धापा टाकत आला आणि धक्का देऊन त्यानं कडीच उखडली.

आत शोभा कानाला हेडफोन लावून बोलत होती, “तक्रार नोंदवली आहे. आणखी काही मदत करू का?”

दारातली सगळी गर्दी एका सुरात म्हणाली, “न्हाई न्हाई, काय न्हाई!”

* * *

त्या संध्याकाळी शोभा फोनवर रडली. “ताई, सोडते मी.”

मला वाटलं, ही बीडला यायची तेव्हा हिला कुणी हाक मारत नव्हतं. म्हणजे हिनं कामाला जाताना दिसायला पाहिजे. मी म्हटलं, “उद्या बीडला निघायचीस तशीच नीघ. चांगली साडी, पर्स, डबा. सासूबाईंना ‘येते’ म्हण. घराला वळसा घाल आणि मागच्या दारानं खोलीत शीर. मधल्या दाराची उखडलेली कडी आजच बसवून घे आणि आतून लाव.”

“लोक हसतील की!”

“हसू दे. हसणारा माणूस हाक तरी मारत नाही.”

दिवसभर कुणाची हाक आली नाही. संध्याकाळी शोभा वळसा घालून पुढच्या दारी आली, तर सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. “लई उशीर झाला गं. गाडी भेटली न्हाई का?”

* * *

महिनाअखेर आली. साहेब शोभाचा फोन ऐकायला बसले. मीही लाइनवर होते, जीव मुठीत धरून. नेमका तेव्हाच सासूबाईंचा भाऊ पाहुणा आला. पुढचं बोलणं शोभाला मधल्या दारातून ऐकू येत होतं, तिनंच मला ते नंतर सांगितलं. आमच्या नशिबानं साहेबांना नाही!

“आक्का, सुनबाई कुठाय? तिच्या हातचा च्या पाज.”

“हापिसात हाय.”

“अगं, आवाज तर भिंतीपलीकडून येतोय!”

“हापिस भिंतीपलीकडंच हाय. म्हणून काय रिकामी हाय व्हय ती?”

सासूबाईंनी स्वतः चहा टाकला. एक कप भावाच्या हातात दिला. “हा तिला देऊन ये. आतून न्हाई, भायेरून जा. आन् इचारून शीर.”

आणि मग लाइनवर आम्हा सगळ्यांना टकटक ऐकू आली. पाठोपाठ भारदस्त आवाज, “मॅडम, आत येऊ का? च्या आणलाय.”

साहेब म्हणाले, “हिनं ऑफिस घेतलंय का तिकडं?”

मी म्हटलं, “साहेब, चहा वेळेवर येतो तिथं.”

“छान. हिच्याकडं घरचा आवाज नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा डबा विसरून गेली. सासूबाईंनी चपला घातल्या, पुढच्या दारानं बाहेर पडल्या, घराला वळसा घातला आणि मागच्या दारावर टकटक करून डबा पोचवला.