वारं आणि पक्षाघात

माझा भाऊ मंगळवारी सकाळी दाढी करताना पडला. शुक्रवारी तो गेला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी परतूरची आत्या आमच्या मस्तगडच्या घरी आली. भिंतीला टेकून बसत म्हणाली, "वारं गेलं त्याच्या अंगावरून. तुझ्या आज्याचं असंच झाल्तं, बापाचं बी असंच."

मी चहाचा कप खाली ठेवला.

दिवाळीनंतर भावाचा हात अधूनमधून बधिर व्हायचा, म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घराण्यात कोणाला पक्षाघात?" तो म्हणाला, "न्हाई. कोणालाच न्हाई." मी शेजारीच बसलो होतो. पक्षाघात हा शब्द मला पुस्तकांतून ठाऊक होता, वारं घरातून. दोन्ही एकच, हे त्या खुर्चीवर मला सुचलं नाही. आमच्याकडे वारं बाहेरून येतं. म्हणून भाऊ उन्हाळ्यातही कानाला रुमाल बांधल्याशिवाय गाडीला किक मारत नसे.

तेराव्यानंतर मी त्याच डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं रक्त देऊन जा. जनुकांची तपासणी करून घेऊ."

आत्याला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "रक्तात कुठं वारं सापडत असतं का रे? शिकून येडा झाला तू." मग हळूच विचारलं, "कधी कळंल मंग?"

तीन आठवडे लागणार होते. मी रोज आरशासमोर दोन्ही हात वर धरायचो, हसून बघायचो, तोंड वाकडं होतं का ते. हातातून घास निसटला की ताट सोडून पुन्हा आरशासमोर जायचो. रिपोर्ट मोबाईलवर आला. दोन दिवस मी तो उघडला नाही.

जनुकातला दोष माझ्यातही आहे.

"हा धोका आहे, निकाल नव्हे," डॉक्टर म्हणाले. "जनुक बदलता येत नाही. रक्तदाब सांभाळता येतो, तंबाखू सोडता येते."

"त्याला तेव्हाच कळलं असतं तर?"

"सांगता येत नाही."

मला कोणतं उत्तर हवं होतं, तेही मला सांगता येत नाही.

तंबाखू सुटली. गोळी रोज सकाळी घेतो. दाढी करताना हात थरथरला, तर तो भीतीनं की आणखी कशानं, हे बघत थांबतो. आणि सगळं रक्तातच आहे हे माहीत असूनही, गाडीवर बसताना भावाचा रुमाल कानाला बांधतो.