दहा इस्त्र्यांचं गणित

भागिले हे त्याचं आडनाव नव्हे. पण गल्लीत नवा पोस्टमन आला, तेव्हा खऱ्या नावाने आलेली दोन पत्रं ‘असा इसम येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत गेली, कारण त्या नावाचा माणूस कोण हे शेजाऱ्यांनाही सांगता येईना. तो वायरमन होता. पक्कड हातात घेण्याआधी कानामागची पेन्सिल काढायचा आणि भिंतीवर मांडायचा, दोनशे तीस भागिले अमुक. मग तमुक भागिले दोनशे तीस. कुणी नुसता बल्ब बदलायला बोलावलं असलं, तरी घरातले सगळे दिवे, पंखे आणि पाण्याची मोटर यांची बेरीज झाल्याशिवाय स्वारी स्टुलावर चढत नसे. ती गणितं अर्ध्या वस्तीच्या स्विचबोर्डांशेजारी अजून आहेत, आणि रंगारी त्याच्या नावाने खडे फोडतात.

त्याचं म्हणणं साधं होतं. विजेचा दाब किती आणि तिला होणारा विरोध किती, एवढं कळलं की सगळं कळलं. दाबाला विरोधाने भागा, प्रवाह मिळतो. त्या प्रवाहाला पुन्हा दाबाने गुणा, शक्ती मिळते. “वीज कधी खोटं बोलत नाही,” तो म्हणायचा. “वीज बोलतच नाही, म्हणून तर तुमचं तिच्याशी जमतं,” असं त्याची बायको म्हणायची, आणि तो पुन्हा पेन्सिलीकडे वळायचा.

वस्तीच्या टोकाला इस्त्रीचा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे डगले, शाळेचे गणवेश असं सगळं तिथे यायचं. एक लांबलचक खोली, आठ टेबलं, आठ बाया, आणि आठ जुन्या वजनदार इस्त्र्या. आपोआप बंद होण्याची अक्कल त्या इस्त्र्यांना नव्हती. भिंतीवरचं जिचं तिचं बटण दाबलं की तापायच्या, पुन्हा दाबलं की निवायच्या. तिथला कायमचा वायरमन भागिलेच. एक दिवस मालकीणबाईंनी त्याला सांगितलं, “आणखी दोन टेबलं बसवायची आहेत.”

त्याने पेन्सिल काढली. एक इस्त्री अकराशे पन्नास वॅटची. भागिले दोनशे तीस, पाच अँपिअर. आठ इस्त्र्यांचे चाळीस. मीटरपासून खोलीपर्यंत आलेली वायर जास्तीत जास्त चाळीसच सोसणारी. दहा इस्त्र्यांचे झाले पन्नास. शेवटी त्याने ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. नवी जाड वायर टाकायची तर डोक्यावरून गेलेली जुनी सगळी उखडून आठ दिवस काम बंद ठेवावं लागलं असतं, आणि मालकीणबाई तर जेवायच्या सुट्टीतही घड्याळाकडे बघत बसायच्या.

त्यांनी दुसरा वायरमन बोलावला. त्याला सगळे ‘चालतंय’ म्हणत. त्याचंही खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याची पत्रं मात्र पोचायची. त्याने भिंतीवरचं गणित वाचलं, हसला, आणि दुपारपर्यंत दोन टेबलांची जोडणी करून मोकळा झाला. जास्त प्रवाह आला की वितळून वीज तोडायची, हे फ्यूजमधल्या तारेचं एकमेव काम. ती तार या गृहस्थाने काढून टाकली आणि तिच्या जागी पीळ घातलेली तिप्पट जाड तार बसवली. “आता उडणारच नाही,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

भागिले महाशयांनी गावभर जाहीर केलं की आठवड्याच्या आत वायर जळणार. आणि त्याच आठवड्यात नऊ नंबरचं टेबल त्याच्या बायकोला मिळालं. मुलगी सासरी गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. कित्येक महिने ती मालकीणबाईंना विचारत होती, आणि आता जागा झाली होती. ज्या टेबलाला नवऱ्याने दोन रेघा ओढून नकार दिला, त्याच टेबलामागे ती सकाळी पदर खोचून उभी राहिली. संध्याकाळी घरी आली ती पाय दुखताहेत म्हणत, पण चेहरा असा की लग्नानंतरच्या फोटोतही तसा नव्हता.

आठवडा गेला. महिना गेला. वायर काही जळेना. बाया त्याला विचारू लागल्या, “भागिलेभाऊ, आज जळणार का? नाही म्हणजे, डबा लवकर खाऊन घेतो.” चालतंय रस्त्यात भेटला की हवेत बोटाने भागाकार करून दाखवायचा. भागिलेला झोप लागेना. वायर शाबूत राहिली याचं त्याला दुःख होत होतं, असं म्हणणं जरा क्रूर आहे, पण खोटं नाही.

तिसऱ्या महिन्यात पंखा दुरुस्त करायच्या निमित्ताने त्याने तिथला दाब मोजला. काटा एकशे चौऱ्याऐंशीवर थांबला. दोनशे तीस नव्हतेच. दाब कमी असतो हे त्याला ठाऊक होतं, पण भिंतीवर तो नेहमी कागदोपत्री दोनशे तीसच मांडत आला होता. कारखाना लाइनीच्या अगदी शेवटी, तिथे येईपर्यंत विजेचा दम संपलेला असायचा. त्याने लगेच वही काढली. इस्त्रीचा विरोध सेहेचाळीस ओहम, तो काही बदलत नाही. एकशे चौऱ्याऐंशी भागिले सेहेचाळीस, चार. दहा इस्त्र्यांचे चाळीस. म्हणजे वायर काठोकाठ भरलेली, पण सुखरूप. आणि एका इस्त्रीची शक्ती अकराशे पन्नासवरून सातशे छत्तीसवर आलेली. दहा टेबलांवर मिळून साडेसहा इस्त्र्यांचीसुद्धा ऊब नव्हती, आणि मालकीणबाई दहा टेबलं आहेत म्हणून मिरवत होत्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. हे कुणाला सांगावं, असं मात्र त्याला वाटलं नाही. ‘माझं गणित बरोबर होतं, विजेचं चुकलं,’ असं सांगत फिरणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वही मिटली.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर अर्जांच्या नकला होत्या. आमच्या भागात दाब कमी आहे, नवा ट्रान्सफॉर्मर बसवावा, असा अर्ज तो दर महिन्याला वीज कचेरीत देत असे, गेली सहा वर्षं. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला आहे’ असं उत्तर ठरलेलं. दाब मोजल्यानंतरही त्याने आठ अर्ज दिले. वहीच्या पुढच्या पानांवर कमी दाब त्याच्या बायकोला सांभाळत होता, आणि मागच्या पानांवर तो त्याच दाबाविरुद्ध दाद मागत होता. दोन्हीकडचं अक्षर सुरेख होतं. मधली पानं त्याने कधी उलटली नाहीत.

आणि एका शुक्रवारी उत्तर आलं ते वेगळं होतं. ‘कळविण्यास आनंद होतो की, आपल्या भागातील नवीन ट्रान्सफॉर्मर सोमवारी सकाळी दहा वाजता कार्यान्वित करण्यात येईल.’

पत्र घेऊन तो बायकोकडे गेला. “वाच. सहा वर्षं लागली, पण झालं की नाही?”

“बरं झालं,” ती म्हणाली. “तिथे इस्त्री तापतच नाही हो नीट. एका चादरीवरून तीन-तीनदा फिरवावी लागते. आता सोमवारपासून बघा, माझं नऊ नंबर कसं पळतं.”

नऊ नंबर म्हटल्यावर त्याने वही उघडली. वहीची पुढची आणि मागची पानं पहिल्यांदाच एकमेकांना भेटली. दाब पूर्ण आला की दहा इस्त्र्यांचे पन्नास, चाळीसच्या वायरीत, आणि फ्यूजमध्ये ती न उडणारी तार. ती वायर नऊ नंबरच्या डोक्यावरूनच जात होती.

तो तडक कचेरीत गेला. खिडकीतल्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“काका, दाब वाढवा म्हणून रोज पन्नास लोक येतात. कमीच ठेवा म्हणून आलेले तुम्ही पहिले.”

“थोडे दिवस थांबवता येणार नाही का?”

“येईल की. अर्ज करा.”

“किती दिवस लागतील?”

“ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक,” कारकून म्हणाला. त्याच्यासमोर त्या बहात्तर अर्जांची फाइल होती.

मग तो मालकीणबाईंकडे गेला. त्यांनी एकशे चौऱ्याऐंशीची सगळी कथा ऐकली. “म्हणजे खराब विजेने जळली नाही, ती चांगल्या विजेने जळणार? भागिले, तुम्ही मागेही आठवड्यात जळेल म्हणाला होतात.” त्या परत कपड्यांची गाठोडी मोजायला लागल्या.

रविवारी दुपारी भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, “खरं सांगा. माझं टेबल तुम्हाला खुपतंय ना?”

“तू उद्या जाऊ नको.”

“मी नाही गेले तर नऊ नंबरवर दुसरी उभी राहील. तिचं काय?”

 ओट्याला टेकून तो तसाच उभा राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली, कारण इतके महिने तीच वायर जळावी म्हणून तो मनातल्या मनात वाट बघत होता. रिकाम्या कारखान्यात जळावी, सुट्टीच्या दिवशी जळावी, कुणाला इजा होऊ नये, अशा सगळ्या अटी घालून, पण जळावी.

सोमवारी आठ वाजता, बाया यायच्या आधी, त्याने आपल्याकडच्या किल्लीने कारखाना उघडला. फ्यूजमधली पिळाची तार काढली आणि तिच्या जागी बारीक तार बसवली, चाळीसला तग धरणारी आणि पन्नास सोसणार नाही अशी. ती बसवताना त्याला एक गोष्ट नीट कळत होती. आता वायर जळणार नाही, आणि म्हणूनच तो खरा होता हे कधीही कुणाला पटणार नाही.

दहा वाजता खोलीतले पिवळट दिवे एकदम पांढरेशुभ्र झाले. पंखे भरभर फिरू लागले. इस्त्र्यांखालून वाफ उठली आणि चादरी एका फेरीत सपाट व्हायला लागल्या. “अगंबाई, ही इस्त्री अशी होती होय,” तीन नंबरची म्हणाली. मालकीणबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. बारा मिनिटं हे असं चाललं. मग फ्यूज फट्‌ करून उडाला आणि सगळ्या इस्त्र्या निवायला लागल्या.

चालतंयला बोलावणं गेलं आणि तो दोन मिनिटांत हजर झाला. त्याने फ्यूज उपसला, वितळलेल्या तारेचं टोक चिमटीत धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. “वर्षभर चाललं होतं, बाई. कुणीतरी हात लावला.”

“भागिले?” मालकीणबाईंनी विचारलं.

“मीच लावला.”

कुणीतरी फिसकन हसलं. चालतंयने खिशातून जाड तार काढली. भागिले बोर्डासमोर जाऊन उभा राहिला. “दहा इस्त्र्यांवर ही तार मी बसवू देणार नाही. नऊ आणि दहा बंद करा.”

 सगळ्या बायांनी नऊ नंबरकडे पाहिलं. नवऱ्याने चारचौघांत बायकोच्या पोटावर पाय दिला होता, निदान दिसायला तरी तसंच दिसत होतं. तीही त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती स्टुलावर चढली आणि डोक्यावरून गेलेल्या वायरीवर तिने तळहात टेकवला. वायर अजून चटका देत होती, हात झटकन काढला. वर्षभर इस्त्री हाताळलेला हात तो, किती तापलेलं म्हणजे जास्त, हे त्याला समजत होतं.

“बाई, जाड तार नको,” ती खाली उतरून म्हणाली. “पण टेबलं दहाच राहू द्या. फक्त आठ इस्त्र्या चालू ठेवू.”

“आणि दोघी काय करणार?”

“घडी घालणार. आज चादर एका फेरीत होतेय. पुढे घडी घालेपर्यंत इस्त्री नुसतीच तापत बसते. जिची घडी चालू, तिने बटण बंद करायचं. दहा जणींत दोघी तरी कायम घडीवर असतातच.”

मालकीणबाईंनी बायांकडे पाहिलं. बायांनी माना डोलावल्या, कारण हे त्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. फ्यूजमध्ये पुन्हा बारीक तारच बसली. तासभर सगळ्यांचं लक्ष बोर्डाकडे होतं, मग कुणाचंच राहिलं नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत घडी केलेल्या चादरींचा ढीग रोजच्यापेक्षा उंच झाला होता. मालकीणबाईंनी नऊ नंबरचं तोंडभरून कौतुक केलं. चालतंय म्हणाला, आपण तर आधीपासून म्हणत होतो, चालेल म्हणून. भागिलेचं नाव कुणी काढलं नाही.

त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो भिंतीपाशी उभा राहून मांडत होता. आठ गुणिले अकराशे पन्नास, नऊ हजार दोनशे. परवापर्यंतच्या दहांचे सात हजार तीनशे साठ. सुट्टी संपून इस्त्र्या पुन्हा सुरू झाल्या, बायको डबा आवरून आली, तसा त्याने तिला हाताला धरून भिंतीपाशी ओढलं. “बघ. दोघींच्या इस्त्र्या बंद असूनही ऊब जास्त. तुझं बरोबर आलं.”

तिने ती आकडेमोड वाचली, मग तिच्यावरची वर्षापूर्वीची, दोन रेघांपर्यंत. “वर्षभर तुम्हाला हे का नाही सुचलं?”

“गणितात दहा इस्त्र्या होत्या ना.”

“इस्त्र्याच आहेत सगळ्या,” ती म्हणाली. “एवढी भिंत भरलीत तुम्ही. त्यात एक तरी बाई मोजलीत का?”

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाब होता, विरोध होता, प्रवाह होता, शक्ती होती. नऊ हा आकडासुद्धा होता. सगळं बिनचूक होतं, आणि ती त्यात कुठेच नव्हती.

“सरका जरा,” ती म्हणाली, “दहा नंबरची घडीवर गेली.” आणि हात लांबवून तिने आपलं बटण दाबलं.