सातशे चौदा नंबरची बोअर

बोहदाना क्विचालोवा शुक्रवारी निवृत्त होणार होती आणि त्याआधी सातशे चौदा नंबरची बोअर सिमेंटने कायमची बुजलेली तिला बघायची होती. ती बोअर तिच्या नवऱ्याने, लुबोरने मारलेली. तेव्हा स्त्राज गावच्या जमिनीत ॲसिड सोडून युरेनियम वर खेचायचे. पुढे खाण बंद पडली, लुबोर गेला, ॲसिड मात्र खालीच राहिलं. आता ते उपसून, आटवून त्याची तुरटी करतात. पाण्याचे नमुने पंचवीस वर्षं बोहदानाच घेत होती. आपल्याला चकवेल असं पाणी अजून जमिनीतून निघायचंय, असं तिचं स्वतःचं मत.

बुधवारी इंजिनियर व्होयमीर खुशीत आला. "क्विचालोवाबाई, सकाळी मीच नमुना घेतला. वर्षभर उपसा बंद ठेवूनही पाणी चोख! उद्या बुजवू, शुक्रवारी बिअरचं पिंप फोडू."

"पंप किती वेळ चालवलात?"

"वीस मिनिटं."

"मग ते पाइपात साचलेलं पाणी होतं, साहेब. खडकातलं यायला अडीच तास लागतात."

"अहो, दोन दिवस राहिलेत तुमचे! कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

तिने लुबोरने बनवलेलं घडीचं स्टूल उचललं. व्होयमीर कुरकुरत मागोमाग गेला. पंप सुरू करून तिने पावावर चरबी फासली, वर कांदा ठेवला आणि अर्धा त्याला दिला. दीड तास ॲसिड मोजणारा मीटर हलला नाही. तिला आशा वाटू लागली, चांगली घट्ट आशा. मग आकडा चढायला लागला आणि चढतच गेला.

"मेल्या लुबोर, किती ओतून ठेवलंस रे!" तिला रडू आलं, रागही आला.

व्होयमीर हळूच म्हणाला, "सकाळचा चोख आकड्याचा कागद आहे माझ्याकडे."

"फाडा तो. वरच्या थराचं पाणी गाव पितं. ही बुजवली, तर खाली काय चाललंय ते कोण बघणार?"

तिने नवा आकडा ठसठशीत लिहिला आणि खाली सही ठोकली.

शुक्रवारी पिंप फुटलंच. तिने दोन ग्लास रिचवले आणि निघताना स्टूल व्होयमीरच्या टेबलावर ठेवलं.

"हे घरी न्या ना, बाई. तुमच्या मिस्टरांची आठवण आहे."

"नेईन की. बुजवाल त्या दिवशी बोलवा, तेव्हा नेईन. तोवर अडीच तास यावर बसायचं."