शेजारच्या वर्गातल्या चिठ्ठ्या

बावन्न वर्षांची होते तेव्हा मी फार शहाणी होते. आता अडुसष्टावं चालू आहे. शहाणपण गुडघ्यांबरोबरच झिजलं, त्यामुळे त्या बावन्न वर्षांच्या बाईची फजिती सांगायला मी मोकळी आहे.

ती बाई खापरखेड्याच्या एका शाळेत चौथी 'अ' शिकवायची. तिच्या वर्गात माशीसुद्धा विचारून बसायची. तिची पद्धत एकच होती. ती एक ओळ म्हणणार, चाळीस पोरं तीच ओळ एका सुरात म्हणणार. आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय शिकवते! बाई खूश.

मग शेजारच्या 'ब' तुकडीवर एक नवी मास्तरीण आली. सव्वीस वर्षांची, रोज कळमेश्वरहून ये-जा करणारी. तिच्या वर्गात नुसता बाजार. कोणी जमिनीवर बसून लिहून राहिलं, कोणी व्हरांड्यात दगड मोजून राहिलं, एक पोरगं तर खिडकीत बसून वाचत होतं. ती रोज घरी जाण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायची आणि प्रत्येक पोरासाठी वेगळं काम लिहायची. एका बिस्किटांच्या डब्यात त्या ठेवायची. सकाळी पोरं त्या डब्यावर अशी तुटून पडायची, जशी काही आत खरोखरच बिस्किटं आहेत.

माझ्या पोटात दुखायला लागलं. तिचा जेवणाचा डबाही मला माझ्यापेक्षा चांगला वाटायचा, तिची चप्पलही. मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, "नवीन नवीन आहे, उतरंल जोर." जोर काही उतरला नाही. माझीच पोरं मधल्या सुट्टीत तिच्या दाराशी उभी राहायला लागली.

अशात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. तिसरीलाही माझ्याकडेच होती. दोन वर्षं मी तिच्या प्रगतिपुस्तकात 'शांत व गुणी' असं लिहिलं होतं.

आई म्हणाली, "मॅडम, पोरगी घरी मिठाच्या पुड्यावरचं नाव नाही वाचत."

"असं कसं होईल? वर्गात तर सगळ्यांसोबत वाचते."

"तोंड हालवत असंल. आमच्या शेजारची पोरगी 'ब'मध्ये आहे, ते घडाघडा वाचते. हिलेबी तिथंच टाका ना."

चाळीस जणांच्या सुरात एक तोंड नुसतं हलत होतं आणि मला पत्ता नव्हता. पण तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की माझ्या वर्गातली पोरगी तिच्या वर्गात जाणार आणि सगळी शाळा बघणार. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा. मी वाचायला लावते."

आणि मी काय केलं? चोरी केली.

संध्याकाळी ती बससाठी गेल्यावर मी तिच्या वर्गात शिरले, बिस्किटांचा डबा उघडला आणि एकूण एक चिठ्ठी उतरवून काढली. तिच्या पोरांची नावं गाळली. हजेरीत जो क्रम होता त्या क्रमाने माझ्या पोरांची नावं टाकली. मला वाटलं, वेगवेगळं काम म्हणजे वेगवेगळे कागद. पंचवीस वर्षांच्या अनुभवातून निघालेला हा निष्कर्ष!

दुसऱ्या दिवशी ऐटीत चिठ्ठ्या वाटल्या. 'शाळेच्या सगळ्या खिडक्या मोजून ये' ही चिठ्ठी तिने तिच्या एका चुळबुळ्या पोरासाठी लिहिली होती. माझ्याकडे ती पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलीला मिळाली. तिच्या वर्गातल्या अंड्याच्या गाडीवाल्याच्या पोरासाठीचं अंडी मोजायचं गणित ज्याच्या हाती गेलं, त्याच्या घरी अंड्याचं नाव काढलं तरी आजी आंघोळ करायची. तो हात वर करून म्हणाला, "मॅडम, अंड्याऐवजी बटाटे मोजले तर चालते का?"

शेवटच्या बाकावरची ती मुलगी चिठ्ठी हातात धरून बसून होती. वाचता येत नव्हतं, सांगणार कोणाला? मी शेजारच्या पोराला म्हटलं, "वाचून दाखव रे तिला."

त्याने वाचलं, "तुझ्या बाबांच्या सायकलच्या दुकानात किती चाकं आहेत, ते विचारून ये."

ती म्हणाली, "मॅडम, मले बाबा नाही."

पोरगं लगेच म्हणालं, "मागच्या साली वारले ना मॅडम. आपुन तिसरीत होतो तवा."

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मागच्या वर्षी ती पंधरा दिवस आली नव्हती, ते मला आठवलं. मी रोज गैरहजेरी मांडली होती. आणि ती आल्यावर सुट्टीचा अर्ज काहून नाही आणला म्हणून तिला तासभर उभं केलं होतं.

मधल्या सुट्टीत मी शेजारच्या वर्गात गेले. माफी मागायला नाही, तक्रार करायला. "तुझी पद्धत काही चालत नाही वं," म्हणून चिठ्ठ्या तिच्यासमोर टाकल्या.

तिने दोन-चार चिठ्ठ्या पाहिल्या. "मॅडम, ह्या तर माझ्या पोरांच्या आहेत."

"म्हणून काय झालं? पोरं ती पोरंच."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. सायकलच्या चिठ्ठीवरचं नाव पाहून तिने त्या मुलीबद्दल विचारलं, "तिले काय आवडते?"

"गुणी आहे."

"ते झालं मॅडम. पण आवडते काय?"

दोन वर्षं समोर बसलेल्या पोरीबद्दल माझ्याकडे सांगायला एक वाक्य नव्हतं.

आठ दिवस संपले आणि मी हेडमास्तरांना सांगून तिला 'ब'मध्ये पाठवलं. मोठ्या मनाबिनाने नाही. तिच्या आईला तोंड दाखवायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस ती मुलगी माझ्या वर्गाच्या दारात आली. हातात वही. "मॅडमनं तुमाले वाचून दाखवाले सांगितलं."

वाचायला लागली. एकेका अक्षरावर बोट ठेवून, पण आपलं आपण. 'माझी आई सकाळी कॉलनीत भांडी घासायला जाते. मी पोळ्या करते. माझी पोळी गोल होत नाही. भाऊ म्हणतो, ही बकरी आहे. मी ती बकरी त्यालाच खाऊ घालते.' ही वाक्यं तिने सांगितली होती आणि त्या मास्तरणीने लिहून दिली होती.

तिला वाचता आल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला जळफळाट. बकरीची गोष्ट तिने त्या मास्तरणीला सांगितली! माझ्यासमोर दोन वर्षं बसली आणि मला एक शेळीसुद्धा नाही.

मी न राहवून विचारलं, "परत येतेस का आमच्या वर्गात?"

तिने खरोखर विचार केला. "नाही मॅडम." मग माझं तोंड पाहून म्हणाली, "पण वाचून दाखवाले येत जाईन."

"ये," म्हटलं. ती गेली. मग पहिल्या बाकावरच्या पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय रे, घरी काय काय करतो तू?"

पोरगं रडायलाच लागलं. त्याला वाटलं, मी घरी तक्रार करायला येऊन राहिली.